क्रीम चिकन (एका पॅनमधले)

कोंबडीचे बिनहाडाचे तुकडे पॅनमध्ये परतून, त्याच पॅनमध्ये कांदा, लसूण आणि क्रीम किंवा सायीच्या दाट रसात शिजवलेला झटपट घरगुती पदार्थ. मूळ पाश्चात्त्य. मांस हलके परतून पांढऱ्या रसात शिजवण्याची ‘फ्रिकासे’ ही फ्रेंच पद्धत याच कुळातली. नाशिकमध्ये कोंबडी म्हटली की आधी आठवतो तो काळ्या मसाल्याचा रस्सा. सुके खोबरे नि कांदा भाजायचा, वाटण करायचे, मग तर्री सुटेपर्यंत थांबायचे, यात संध्याकाळ जाते. क्रीम चिकन अर्ध्या तासात होते आणि घासायला एकच भांडे पडते. दोन्हींची तुलना मात्र कोणी करू नये.

नावात क्रीम असले तरी या पदार्थाची चव मुख्यतः पॅनच्या तळाला धरलेल्या खरवडीतून येते. तापलेल्या भांड्यात मांसातील अमिनो आम्ले आणि शर्करा यांची अभिक्रिया होऊन तपकिरी, खमंग थर तयार होतो. लुई-कामी मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. साधारण १४०° से.च्या वर ती जोरात चालते. पाणी असेतोवर तापमान १००° से.च्या आसपासच अडकते. म्हणून तुकडे कोरडे टिपून घ्यायचे, पॅन चांगला तापवायचा आणि गर्दी न करता दोन खेपांत परतायचे. एकदम सगळे टाकले की पाणी सुटते आणि चिकन परतण्याऐवजी उकडते. घरोघरी बिघडते ते इथेच. नॉनस्टिकवर खरवड फारशी धरत नाही. जाड बुडाचा स्टीलचा पॅन बरा.

दुकानात नुसते ‘बोनलेस’ मागितले तर बहुधा छातीचे मांस मिळते. ते पटकन कोरडे पडते. मांडीचे मांस चार मिनिटे जास्त शिजले तरी सांभाळून घेते. आतले तापमान ७४° से. झाले की कोंबडी खाण्यास सुरक्षित मानतात. थर्मामीटर नसल्यास सर्वांत जाड तुकडा कापून बघावा.

परतलेले तुकडे काढून त्याच तेलात कांदा घालतात. निफाड तालुक्यातील लासलगावची बाजारपेठ हाताशी असल्याने इथे कांद्याची निवड करता येते. साठवणीचा उन्हाळ कांदा कमी पाणीदार, तो लवकर रंग धरतो. पुढे लसूण, मिरपूड आणि खरवड सोडवण्यापुरता पातळ पदार्थ : चिकनचे पाणी किंवा पांढरी वाइन. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे आणि शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां या द्राक्षजाती या भागात लावल्या जातात, त्यांची कोरडी, आंबटसर वाइन क्रीमचा जडपणा कापते. ती निम्मी आटेपर्यंत उकळू द्यावी. बिडाच्या भांड्यात मात्र वाइन घालू नये, रसाला लोखंडी चव येते. वाइन नको असेल तर गॅस बंद केल्यावर थोडे लिंबू पिळतात.

क्रीम शेवटी, मंद आचेवर. परदेशी कृतींतील हेवी क्रीममध्ये निदान ३६ टक्के स्निग्धांश असतो, आपल्याकडच्या पाकिटातील फ्रेश क्रीममध्ये बहुधा २५ टक्के. त्यामुळे आंबट रसात खळखळून उकळले तर आपले क्रीम लवकर फाटते. परदेशी कृती जशीच्या तशी केली आणि रसात कण दिसले, तर कारण बहुधा हेच. घरची साय वापरायची तर आधी गुठळ्या मोडेपर्यंत घोटून घ्यावी. दही घालायचे असल्यास त्यात चमचाभर बेसन कालवतात. बेसनातील स्टार्च दह्यातील प्रथिनांना गोळा होऊ देत नाही. नंतर तुकडे परत रसात सोडून पाच-सात मिनिटे शिजवले की झाले.

फेब्रुवारी-मार्चमध्ये, द्राक्षांचा हंगाम भरात असताना, मूठभर हिरवी बिनबियांची द्राक्षे अर्धी कापून उतरवताना घालून पाहावीत. क्रीमच्या रसात द्राक्षे घालणे फ्रेंच स्वयंपाकात जुनेच आहे, आणि नाशिककराला त्यासाठी लांब जावे लागत नाही.

सोबत पाव, भात किंवा उकडलेला बटाटा चालतो. बाजरीच्या भाकरीबरोबर हा सौम्य रस फिका पडतो. श्रावणात अनेक घरांत मांसाहार बंद असतो. तेव्हा याच पद्धतीने मशरूम किंवा पनीर करतात, फक्त पनीर परतायला दोन मिनिटे पुरतात. उरलेले चिकन दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी दोन-तीन चमचे दूध घालून मंद आचेवर, पण वाफा येईपर्यंत नीट गरम करावे.