‘बी क्लास’ नेमका कोणता?

वावरातल्या मोटरपंपाच्या कोटेशनवर ‘जीआय पाईप, बी क्लास’ एवढंच लिहिलेलं असतं. जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाईप; इथे तो वायर नेण्यासाठी. कास्तकार, वायरमन आणि दुकानदार त्याचा आपापला अर्थ लावतात.

लोखंडाला जस्ताचा थर देण्याचं पेटंट १८३७ मध्ये फ्रान्समध्ये घेतलं गेलं. विजेच्या कॉन्ड्युटची, म्हणजे वायर ज्यातून ओढतात त्या नळीची, जुनी वर्गवारी ब्रिटिश मानकातली. तिच्यात दोनच वर्ग होते: पातळ, बिनआट्याची नळी ‘ए’ आणि जाड, आट्यांची ‘बी’. म्हणजे तिथे बी हाच वरचा दर्जा. पाण्याच्या पाईपात (भारतीय मानक आयएस १२३९) ए हलका, बी मध्यम, सी जड. पट्टे अनुक्रमे पिवळा, निळा आणि लाल. इथे बी मधला. एकाच अक्षराचे हे दोन अर्थ खेड्यापाड्यांत एकाच दुकानात भेटले, कारण पाण्याचा पाईप तालुक्याला सहज मिळे आणि कॉन्ड्युट मिळत नसे, म्हणून वायरही पाण्याच्याच पाईपातून ओढली जाई.

तिसरा गुंता १९७० च्या ब्रिटिश मानकाने घातला. त्यातला क्लास १ ते ४ हा जाडीचा नाही, गंजापासून संरक्षणाचा आहे. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेली नळी क्लास ४. जाडी आणि जस्त या दोन वेगळ्या गोष्टींना एकच ‘क्लास’ शब्द लावणं मला मुळातच चुकीचं वाटतं.

मापंही जुळत नाहीत. पाण्याच्या पाईपाचं माप आतल्या पोकळीचं, कॉन्ड्युटचं बाहेरच्या व्यासाचं. म्हणून २५ मिमीचा पाण्याचा पाईप बाहेरून साधारण ३३.७ मिमी भरतो. आटेही वेगळे, त्यामुळे एकाचं सॉकेट दुसऱ्यावर बसत नाही. शिवाय पाण्याच्या पाईपात आतून जोडाची धार राहू शकते. वायर ओढताना तीच इन्सुलेशन सोलते, आणि ओल्या विहिरीवर हा धोका जिवावरचा आहे.

आयएस ९५३७ चा पोलादी कॉन्ड्युटचा भाग १९८१ मध्ये आला. सरकारी बांधकामाच्या कामांत ३२ मिमीपर्यंत किमान १.६ मिमी आणि त्यापुढे २ मिमी जाडी मागतात. दोन वर्षांनी त्याच मानकात पीव्हीसीचा भाग आला, त्यात पुन्हा हलका, मध्यम, जड हेच शब्द आहेत. पण तिथे ते नळी किती दाब सोसते त्याचे आहेत: ३२०, ७५० आणि १२५० न्यूटन. आता घरातलं वायरिंग बहुतेक पीव्हीसीतच होतं. जीआय उरला तो मीटरपर्यंतच्या सर्व्हिस पाईपात आणि विहिरीवरच्या स्टार्टरखाली, आणि कोटेशनवर अजूनही तेच लिहिलेलं असतं: बी क्लास.