पूर्वेकडील चर्च : आशियातील प्रसार

रोमन साम्राज्याच्या पूर्व सीमेपलीकडे, सासानी इराणमध्ये वाढलेली आणि सिरियाक भाषेत उपासना करणारी ख्रिस्ती धर्मपरंपरा. तिला ‘नेस्टोरियन’ म्हणण्याचा प्रघात आहे. मात्र कॉन्स्टँटिनोपलचा पॅट्रिआर्क (सर्वोच्च धर्मप्रमुख) नेस्टोरिअस तिचा संस्थापक नव्हे. त्याला पाखंडी ठरवणारी एफिससची परिषद ४३१ मध्ये भरली. सासानी राजधानी सिल्यूशिया-टेसिफॉन येथील धर्मसभेत या चर्चची घडी त्याआधीच, ४१० मध्ये, बसली होती. पाश्चात्त्य इतिहासलेखनात या परंपरेला फार दिवस तळटीपेपुरतीच जागा मिळाली. वस्तुतः मध्ययुगात भौगोलिक विस्ताराच्या बाबतीत तिच्या तोडीचे ख्रिस्ती चर्च क्वचितच होते.

हा प्रसार राजसत्तेच्या बळावर झाला नाही. तो व्यापारी तांड्यांबरोबर आणि जहाजांबरोबर गेला. मागोमाग मठ आले, मग बिशप. इराणमध्ये राजधर्म जरथुश्त्री असल्याने अनुयायांचा अधूनमधून छळ होई. खुश्कीच्या मार्गावर मर्व (आजच्या तुर्कमेनिस्तानात) हे मोठे ठाणे होते, तर समुद्रमार्गावर सोकोत्रा बेट, श्रीलंका आणि भारताचा पश्चिम किनारा.

पश्चिम किनाऱ्याबद्दलचा सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख कॉस्मस इंडिकोप्ल्यूस्टीझ या ग्रीक व्यापाऱ्याचा (इ. स. ५५० च्या सुमारास) आहे. मिरी पिकते त्या ‘माले’ प्रदेशात ख्रिस्ती लोक असून ‘कल्लिआना’ येथे इराणमध्ये दीक्षित झालेला बिशप आहे, असे तो सांगतो. हे कल्लिआना कोणते, यावर मतभेद आहेत. पुढील काळातील पुरावा केरळात एकवटलेला असल्याने काही अभ्यासक ते कोल्लम मानतात. परंतु कॉस्मसची बंदरांची यादी सिंधपासून दक्षिणेकडे उतरते. तीत कल्लिआनानंतर ‘सिबोर’ (बहुधा चौल) येते आणि त्यानंतर माले. शिवाय तो कल्लिआनाची निर्यात म्हणून तांबे, कापड आणि शिसवी वाटणारे लाकूड यांची नावे घेतो, मिरीचे नाही. कान्हेरीच्या लेखांत दान देणारे कल्याणचे व्यापारी वारंवार भेटतात, म्हणजे हे बंदर त्याआधीच नावारूपाला आले होते. हे सर्व पाहता कल्याण हीच ओळख अधिक सयुक्तिक वाटते, जरी तेथे या काळातील ख्रिस्ती अवशेष उजेडात आलेले नाहीत. १३२१ मध्ये ठाण्यात मारल्या गेलेल्या चार फ्रान्सिस्कन साधूंच्या वृत्तांतात तेथील नेस्टोरियन ख्रिस्ती दिसतात. मधला आठ शतकांचा दुवा मात्र जोडता येत नाही. गोव्यात आगशी परिसरात २००१ मध्ये पहलवी (प्राचीन इराणी भाषेतील) लेख असलेला क्रूस सापडला. त्याच्या काळाबद्दल एकमत नाही.

चीनमधील पुरावा जास्त ठोस आहे. शिआन येथील सुमारे पावणेतीन मीटर उंचीचा शिलालेख ७८१ मध्ये कोरला गेला आणि १६२३ ते १६२५ च्या दरम्यान पुन्हा सापडला. माथ्यावर कमळातून उगवलेला क्रूस, खाली चिनी मजकूर आणि कडेने सिरियाक लिपीत भिक्षूंची नावे, अशी त्याची रचना आहे. आलोबेन नावाचा धर्मगुरू ६३५ मध्ये तांग राजधानीत पोचला आणि तीन वर्षांनी बादशहाने प्रसाराला अनुमती दिली, असे त्यात नोंदलेले आहे. हा लेख जेझुइट मिशनऱ्यांनी बनवला असावा, हा जुना संशय आता कोणी गांभीर्याने मांडत नाही. ८४५ च्या राजाज्ञेने बौद्ध मठांसोबत या मठांवरही गदा आली आणि चीनमधील संघ जवळजवळ नाहीसा झाला.

पॅट्रिआर्क पहिला तिमथी (७८०–८२३) याच्या पत्रांत तुर्कांसाठी नेमलेल्या आणि तिबेटसाठी योजलेल्या धर्मप्रमुखांचा उल्लेख आहे. अकराव्या शतकाच्या आरंभी स्टेपमधील (मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातील) दोन लाख लोकांनी दीक्षा घेतल्याची हकिगत तेराव्या शतकातील सिरियाक इतिहासकार बार हेब्रिअस देतो. आकडा शब्दशः घेऊ नये; हकिगतीतील ‘केराइत’ हे टोळीचे नावही मागाहून घातलेले असणे शक्य आहे. मंगोल सम्राट कुब्लाईखानाची आई सोरघाघतानी मात्र निश्चितपणे केराइत ख्रिस्ती होती. बीजिंग परिसरातून निघालेल्या दोन भिक्षूंपैकी एक १२८१ मध्ये तिसरा याहबल्लाहा म्हणून पॅट्रिआर्क झाला. दुसरा, रब्बान सौमा, १२८७–८८ मध्ये इल्खानाचा (इराणच्या मंगोल शासकाचा) दूत होऊन पॅरिस आणि रोमपर्यंत गेला.

ऱ्हासाची कारणे अनेक आहेत. इल्खान गाझान १२९५ मध्ये मुसलमान झाला, चीनमध्ये १३६८ मध्ये मंगोल सत्ता गेली, पुढे तैमूरच्या स्वाऱ्या झाल्या. किर्गिझस्तानातील इस्सिक-कूल सरोवराजवळील दफनभूमीत १३३८–३९ या दोन वर्षांच्या सिरियाक शिळा एकाएकी वाढतात आणि काहींवर मृत्यूचे कारण साथ असे दिले आहे. तेथील दातांतून मिळालेल्या डीएनएत प्लेगचे जंतू आढळल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

बेटांपैकी सोकोत्राचा संघ सर्वांत चिवट ठरला. १५४२ मध्ये गोव्याकडे येताना फ्रान्सिस झेवियरला तेथे स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे लोक भेटले. हा संघ पुढे लोपला. मलबारात उदयंपेरूरच्या धर्मसभेने (१५९९) तेथील ख्रिस्ती समाज रोमच्या अधिकाराखाली आणला. या परंपरेचा वारसा सांगणाऱ्या ॲसिरियन चर्चची गादी सध्या इराकमधील एर्बिल येथे असून भारतातील अनुयायी मुख्यतः त्रिशूर भागात आहेत.