वहीतल्या उभ्या रेघा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका थेरपी सेंटरबाहेर बाकावर बसलेल्या, ऑटिझम असलेल्या पोराच्या आईच्या मांडीवर शंभर पानी वही. तीन रकाने : आधी काय झालं, पोरानं काय केलं, मग काय झालं. ‘मिक्सर लावला. कान झाकून ओरडला, 4 मिनिटं. मिक्सर बंद केला.’ किती वेळा झालं ते मोजायला समासात उभ्या रेघा, पाचवी आडवी. डेटा म्हटलं की तिला नेटपॅक आठवतो, पण हाही डेटाच.

या रेघांचं मूळ शाळेत नाही, प्रयोगशाळेत आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी 1930 च्या दशकात एक यंत्र वापरात आणलं. कागदाची गुंडाळी एका संथ वेगानं सरकायची आणि उंदरानं दांडी दाबली की पेन एक पायरी वर चढायचं. रेघ जितकी खडी, तितकी दाबण्याची गती जास्त. ‘सुधारलाय असं वाटतं’ या बोलण्याला तिथं जागा नव्हती.

त्यांचे विद्यार्थी ऑग्डन लिंड्सली यांनी 1960 च्या दशकात हीच मोजणी मुलांच्या शिकण्याकडे वळवली आणि त्यासाठी खास आलेख आखला. रेघ चढत नसेल तर शिकवण्याची रीत बदलायची, मुलाला बोल लावायचा नाही. दूध संस्थेच्या पुस्तकात फॅट उतरलेलं दिसलं की आपण आधी वैरण तपासतो, म्हशीवर चिडत नाही. तुलना ओबडधोबड आहे, पण कोल्हापुरात लगेच कळते.

1968 मध्ये बेअर, वुल्फ आणि रिस्ली या संशोधकांच्या लेखानं वर्तन मोजून बदलण्याच्या या उपयोजित शाखेची, म्हणजे ‘एबीए’ची, चौकट ठरवली. 1987 मध्ये मानसशास्त्रज्ञ इवार लोवास यांचा अभ्यास आला : ऑटिझम असलेली 19 मुलं, आठवड्याला 40 तास अशी थेरपी, त्यातली 9 पुढे नेहमीच्या पहिलीच्या वर्गात. हा आकडा जगभर फिरला. मुलं चिठ्ठ्या टाकून गटांत विभागली नव्हती, आणि लोवास यांच्या सुरुवातीच्या कामात शिक्षाही होती, हे मात्र मागे राहिलं. पुढे मोठ्या झालेल्या ऑटिस्टिक माणसांनीच विचारलं, हात फडफडवणं कमी झालं हे यश नक्की कुणाचं?

आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ऑटिझमला स्वतंत्र नोंद दिली. प्रमाणपत्रासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं तयार केलेली 40 मुद्द्यांची मोजपट्टी लावतात. 70 च्या खाली गुण आले तर ऑटिझम नाही. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात खेटे घालून आलेले पालक तोच आकडा प्रगतीचा धरून बसतात. तो तीव्रतेचा आकडा. महिन्याभरात पोर कुठं पोचलं हे कळायचं तर थेरपी सुरू होण्याआधीचे चार-सहा दिवस नुसतं मोजून ठेवलेलं असावं लागतं, आणि नेमकं तेच पान बहुतेक वह्यांत कोरं असतं.

बाकावरच्या आईच्या वहीत ते आहे. ‘हात फडफडवले’ हा रकाना मात्र मधेच थांबलाय. पुढच्या पानावर नवा मथळा : ‘पाणी मागितलं, खुणेनं की शब्दानं.’ खाली तीन रेघा.