केआगे की केकोमी?

शोतोकान या कराटेच्या शैलीत बाजूला मारायच्या दोन लाथा आहेत, योको गेरी केआगे आणि योको गेरी केकोमी. दोन्हींत पावलाची बाहेरची कड पुढे येते, आणि फोटोत तर कुठली कोणती ते ओळखू येत नाही. नवीन मुलं वर्षवर्ष या दोन्हींची खिचडी मारत राहतात.

फरक नावातच आहे. केआगे म्हणजे वर उडवणं, केकोमी म्हणजे आत घुसवणं. केआगेत गुडघा बिजागरीसारखा चालतो. पाऊल उभ्या पायाच्या गुडघ्यापाशी येतं, तिथून कमान काढत झपकन वर जातं आणि त्याच वेगाने माघारी येतं. रोख काखेवर किंवा हनुवटीवर. केकोमीत गुडघा छातीकडे ओढून घ्यायचा आणि पाऊल सरळ रेषेत घालायचं. अंगाचं वजन कंबरेतून त्याच्या मागे यायला हवं.

खरी गोम मात्र उभ्या पायात आहे. केआगेत तो फारसा फिरत नाही. केकोमीत इतका फिरतो की टाच समोरच्याकडे वळते. नाही फिरला तर कंबर अडते आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. आमचे सर लाथेकडे बघायचेच नाहीत. उकिडवे बसून माझ्या उभ्या पायाच्या टाचेवर बोट टेकवायचे आणि विचारायचे, "हिचं तोंड कुठंय?" मग शेजारी खुर्ची ठेवून तिच्या पाठीवरून केकोमी मारायला लावायचे. गुडघा आळसावला की नडगी लाकडावर आपटायची. केकोमी शिकायला याहून चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही.

हेइआन निदान आणि हेइआन योन्दान या कातांत, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींच्या मालिकांत, केआगेच आहे. कराटे जिथं जन्मलं त्या ओकिनावा बेटाच्या जुन्या शैलींत त्या जागी समोरची लाथ, माए गेरी मारतात. शोतोकानचे संस्थापक फुनाकोशी गिचिन १९२२ मध्ये टोकियोला आले, त्यानंतर घडत गेलेल्या शोतोकानात ती बाजूला वळली. कातात समोर लाथा मारायची बॅग नसते, त्यामुळे मुलं केआगे नकळत ढकलायला लागतात, असं मला वाटतं.

सर कधीकधी आमच्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि नुसतं ऐकायचे. केआगे नीट बसली की पँटचा पाय हवेत फट् वाजायचा. केकोमीला बॅगमधून खोल धप्प यायचं. आवाज चुकला की मागे न बघताच म्हणायचे, "पुन्हा."