रास्पबेरी पायच्या पिनांना पाच व्होल्ट चालतात का?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षे टिकून आहे: रास्पबेरी पाय हा एका बोर्डवरचा छोटा संगणक पाच व्होल्टवर चालतो, त्याच्या २ आणि ४ क्रमांकाच्या पिनांवर पाच व्होल्ट मिळतात, म्हणजे इनपुट पिनांनाही तेवढे चालतात. हे चुकीचे आहे. त्या दोन पिना केवळ वीजपुरवठ्याच्या आहेत. जीपीआयओ पिना, म्हणजे संकेत घेण्या-देण्याच्या पिना, थेट चिपला जोडलेल्या असून त्या ३.३ व्होल्टच्या आहेत. गैरसमजाचे मूळ बहुधा आर्डुइनो उनो या दुसऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डात असावे, कारण त्याच्या पिना खरोखरच पाच व्होल्टच्या असतात.

पाण्याच्या टाकीची पातळी मोजायला सर्रास वापरला जाणारा एचसी-एसआर०४ हा ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा सेन्सर घ्या. त्याची मोजणीचा निकाल कळवणारी इको पिन पाच व्होल्टचा संकेत पाठवते. इको आणि पायची पिन यांच्यामध्ये १ किलोओहमचा, तर पायच्या पिनेपासून ग्राउंडपर्यंत २ किलोओहमचा रेझिस्टर जोडला, की पिनेवर सुमारे ३.३ व्होल्टच येतात. ‘माझा तर रेझिस्टरशिवायच चालला’ हा युक्तिवाद फसवा आहे, कारण पिन पहिल्याच दिवशी जळेल असे नाही. सेन्सरला मोजणी सुरू करायला सांगणाऱ्या ट्रिग पिनेला मात्र पायचे ३.३ व्होल्ट सहसा पुरतात; तिथे रेझिस्टरची गरज नाही.