शिक्षा स्थगित असताना पुन्हा गुन्हा दाखल झाला तर? हातात कोणता कागद आहे ते आधी पाहा

बांधावरून मारामारी झाली, केस कित्येक वर्षं चालली, शेवटी निकाल लागला आणि तरी आरोपी संध्याकाळच्या एसटीने गावात हजर. विचारलं तर सांगतो, "सजा झाली, पण स्टे मिळाला." मराठवाड्यात कुठल्याही कोर्टाच्या आवारात हे वाक्य कानावर पडतं. त्यावरून काहीच कळत नाही, कारण बाहेर राहण्याचे दोन वेगळे रस्ते आहेत आणि लोक दोन्हींना स्टेच म्हणतात.

पहिला रस्ता अपिलाचा. शिक्षा ठोठावलेली असते, अपील चालू असेपर्यंत तिची अंमलबजावणी थांबवून जामीन दिलेला असतो. जुन्या आदेशात फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३८९ दिसेल. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात हेच कलम ४३० आहे. दुसरा रस्ता १९५८ च्या अपराधी परिवीक्षा (म्हणजे प्रोबेशन) अधिनियमाचा. यात दोषी ठरवलेलं असतं, पण शिक्षा सुनावलेलीच नसते. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलेलं असतं.

परिवीक्षेचं आधी सांगतो, कारण गाफील राहणारे इथेच जास्त. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकत नाही, त्यात कोर्ट हा लाभ देऊ शकतं. आरोपी २१ वर्षांखालचा असेल तर अशा गुन्ह्यात तुरुंगात पाठवण्याआधी कोर्टाला त्याची कारणं लिहावी लागतात. स्वतःचा किंवा जामीनदाराचा पक्का पत्ता अथवा नियमित कामधंदा त्या कोर्टाच्या हद्दीत किंवा बंधपत्राच्या काळात आरोपी जिथे राहणार असेल तिथे असावा लागतो. बंधपत्र जास्तीत जास्त ३ वर्षांचं. कोर्टाने देखरेखीचा आदेश केला असेल, तर परिवीक्षा अधिकाऱ्यापुढे ठरल्याप्रमाणे हजेरी द्यायची. हे अधिकारी महिला व बाल विकास विभागाचे असतात.

बंधपत्रात असं लिहिलेलं असतं की शांतता राखीन, वर्तणूक चांगली ठेवीन, आणि बोलावल्यावर शिक्षा घ्यायला हजर होईन. या शेवटच्या अटीकडे सही करताना सहसा कुणाचं लक्ष नसतं. मुदतीत अटी मोडल्याचं परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालातून किंवा इतर मार्गाने कोर्टापुढे आलं, की कलम ९ खाली समन्स किंवा वॉरंट निघतं. जामीनदारालाही बोलावता येतं. म्हणणं ऐकून घेतल्यावर अट मोडल्याची खात्री पटली, तर कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा तिथल्या तिथे सुनावू शकतं. जुना खटला पुन्हा चालत नाही, दोषी तर आधीच ठरलेले असता. पहिल्याच चुकीला ५० रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवायची मुभाही कायद्यात आहे. पण हजेरी चुकणं वेगळं आणि पुन्हा कुणाचं डोकं फोडणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात पन्नास रुपयांच्या भरवशावर राहू नये. दोषी ठरल्यामुळे कायद्याने येणाऱ्या अपात्रतेपासून कलम १२ जे संरक्षण देतं, तेही मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावली गेली की जातं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी एक गोष्ट सांभाळावी. दिवाळीच्या आसपास घराला कुलूप लागतं, समन्स परत जातं आणि पुढे वॉरंट निघतं. राहण्याच्या जागेची अट बंधपत्रात असेल, तर टोळी निघण्याआधी वकिलामार्फत कोर्टात अर्ज द्या. मुकादमाला सांगून ठेवलं म्हणजे कोर्टाला कळवलं असं होत नाही.

आता अपिलातला जामीन. नवा एफआयआर झाला म्हणून तो आपोआप रद्द होत नाही, आणि पोलीस ठाण्याला तो रद्द करता येत नाही. सरकारी वकील अर्ज करतात आणि ज्या कोर्टाने शिक्षा थांबवली तेच ठरवतं. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर अपील सत्र न्यायालयात. सत्र न्यायालयाच्या निकालावर छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात. जामिनाच्या आदेशात 'पुन्हा गुन्हा करणार नाही' अशी अट असेल तर सरकार पक्षाचं काम सोपं होतं. नोटीस आली की लेखी म्हणणं वेळेत द्या. सोबत नव्या एफआयआरची प्रत, त्यातला जामीन आदेश आणि आजवरच्या तारखांना हजर राहिल्याचा रोजनामा (कोर्टातली तारीखवार नोंद) जोडा.

बाहेर काढलेले दिवस शिक्षेत धरले जात नाहीत, हे बऱ्याच जणांना अपील फेटाळल्यावरच कळतं. २ वर्षांची शिक्षा, ३ महिने आत, मग ४ वर्षं जामिनावर. शिक्षा कायम झाली तर उरलेले २१ महिने भोगावेच लागतात. ती भोगत असताना नव्या केसमध्येही कैद झाली, तर 'एकत्र भोगावी' असं कोर्टाने सांगितल्याशिवाय नवी शिक्षा जुनी संपल्यावर सुरू होते. काही गुन्ह्यांत पुनरावृत्तीची शिक्षाच जड आहे. चोरीत दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर भारतीय न्याय संहितेप्रमाणे किमान १ वर्ष आणि कमाल ५ वर्षं सक्तमजुरी, वर दंड.

जामीनदार म्हणून बहुतेक वेळा चुलता नाहीतर मेहुणा उभा असतो, सातबारा आणि तहसीलचं ऐपत प्रमाणपत्र देऊन. बंधपत्र जप्त झालं तर रक्कम का वसूल करू नये, अशी नोटीस त्याला येते. त्याने गप्प बसू नये. हजर राहून रक्कम कमी करण्याची विनंती करता येते.

अपील अजून केलंच नसेल तर सत्र न्यायालयासाठी ३० दिवस आणि उच्च न्यायालयासाठी ६० दिवस मुदत आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल, तर शिक्षा देणारं कोर्टच अपिलापुरता जामीन देतं. विशेष कारण असेल तरच नाकारतं. कागद असे लागतात: निकालाची प्रमाणित प्रत (कैदेची शिक्षा झालेल्याला ती फुकट मिळते), अपील मेमो, शिक्षा स्थगितीचा अर्ज, शपथपत्र, वकीलपत्र, दंड भरल्याची पावती, आरोपी आणि जामीनदाराचं आधार, जामीनदाराचा सातबारा किंवा ऐपत प्रमाणपत्र. आधीच कोठडीत असाल तर अपील कारागृह अधीक्षकामार्फतही पाठवता येतं. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. नातेवाइकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्यावा किंवा १५१०० वर फोन करावा.