रायझन ५६०० की ५६००जी? एका अक्षराने बदलणारी अख्खी यादी

सांगलीत गणपती पेठेत विचारा नाहीतर विश्रामबागेत, कमी बजेटच्या गेमिंग पीसीच्या कोटेशनवर प्रोसेसरच्या ओळीत बऱ्याचदा एएमडी कंपनीचा एकतर ‘रायझन ५ ५६००’ असतो, नाहीतर ‘रायझन ५ ५६००जी’. दोन्ही सहा कोअर, बारा थ्रेडचे. दोन्ही एएम४ सॉकेटचे (बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा), ६५ वॅटचे, दोघांच्या डब्यात सारखाच कूलर. त्यामुळे पोरं धरून चालतात की जी म्हणजे तोच प्रोसेसर, वर ग्राफिक्स फुकट. ‘जी म्हणजे गेमिंग’ असं छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. दोन्ही समज चुकीचे आहेत. आणि ज्याच्या हातात मोजके पैसे आहेत त्याला हे आधी कळायलाच हवं, कारण प्रोसेसर ठरला की बोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) सगळं त्याच्यामागून ठरत जातं.

गोंधळाचं एक कारण इंटेल आहे. तिथे आय३ १२१०० आणि १२१००एफ घेतले, तर एफमध्ये ग्राफिक्स बंद असतात, बाकी प्रोसेसर तोच. एएमडीचं तसं नाही. ५६००जी ही मुळात लॅपटॉपसाठी आखलेली चिप, डेस्कटॉपच्या सॉकेटमध्ये बसवलेली. ऑगस्ट २०२१मध्ये ती सुटी विकायला आली. साधा ५६०० एप्रिल २०२२चा, आणि तो डेस्कटॉपसाठीच घडवलेला. दोघांतले कोअर झेन ३ या एकाच पिढीचे आहेत, पण त्यांच्या भोवतीचं सगळं वेगळं.

सगळ्यात मोठा फरक एल३ कॅशचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या झटपट मेमरीचा. ५६००मध्ये ३२ एमबी, जीमध्ये १६ एमबी. जीच्या चिपवर ग्राफिक्सने जागा घेतली, ती इथून गेली. गेम चालू असताना प्रोसेसरला त्याच त्या डेटाकडे सारखं वळावं लागतं. तो कॅशमध्ये सापडला तर काम झटक्यात होतं, नाही सापडला तर रॅमपर्यंत जावं लागतं, आणि रॅम कितीतरी हळू. एएमडीचाच ५८००एक्स३डी हा प्रोसेसर गेमिंगसाठी एवढा गाजला तो त्याच्या ९६ एमबी कॅशमुळेच. म्हणून चांगलं कार्ड लावल्यावर ५६०० जीच्या पुढे राहतो. सरासरी एफपीएसपेक्षाही (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) ऐन गर्दीच्या वेळी बसणाऱ्या झटक्यांत हा फरक जास्त जाणवतो. कार्डच साधं असेल तर पुष्कळ गेममध्ये तो दिसणारही नाही, हेही खरं.

दुसरा फरक कोटेशनवर कुठेच छापलेला नसतो, आणि बजेटवाल्याला नेमका तोच नडतो. प्रोसेसर आणि कार्ड यांच्यामधल्या डेटाच्या वाटेला पीसीआयई म्हणतात, आणि तिच्या पदरांना लेन. ५६००ला पीसीआयई ४.० आहे, जीला ३.०. एका लेनमागे वेग निम्मा. आता आरएक्स ६५०० एक्सटी घ्या. स्वस्त म्हणून हे कार्ड सुचवलं जातं. त्याला चारच लेन आहेत आणि मेमरी ४ जीबी. ती ४ जीबी भरली की कार्ड सिस्टीमच्या रॅममधून माल ओढायला लागतं. पीसीआयई ४.०वर त्यासाठी सेकंदाला साधारण ८ जीबीची वाट मिळते, ३.०वर ४ जीबीची. गेम तिथेच अडखळायला लागतो. जी आणि ६५०० एक्सटी ही जोडी कुणी लिहून दिली, तर ते कोटेशन सरळ परत करा. आरएक्स ६६००ला आठ लेन आणि ८ जीबी मेमरी आहे, ते जीवरही बरंच निभावून नेतं. जुनं आरएक्स ५८० किंवा जीटीएक्स १६५० लावणार असाल तर काळजीच नाही, ती कार्डं मुळात ३.०चीच आहेत. फक्त एक लक्षात ठेवा: ५६०० घेऊन तो ए५२० बोर्डवर बसवलात तर तिथेही ३.०च मिळणार. ४.० हवं तर बोर्ड बी५५० घ्या.

एवढं सगळं असूनही जी टाकाऊ नाही. कार्ड घ्यायला पैसेच नसतील तर एएम४वर त्याच्यासारखा आधार नाही. आतल्या व्हेगा ग्राफिक्सवर व्हॅलोरंट छान चालतं, जीटीए ५ सेटिंग उतरवून खेळता येतं. अट एकच, रॅम नीट हवी. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ते तुमचीच रॅम वापरतं. डीडीआर४ ३२००ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन लावल्या तर ५१.२. तुलनेसाठी, आरएक्स ६६००च्या मेमरीचा वेग आहे २२४. म्हणजे जीला एकच ८ जीबीची स्टिक लावून देणं म्हणजे त्याचे अर्धे पाय बांधून पळायला सांगणं, आणि तसे असेंबल केलेले पीसी सर्रास दिसतात. ८ जीबीच्या दोन स्टिक घ्या. चार स्लॉटच्या बोर्डवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा, मग बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिचा पूर्ण वेग देणारं सेटिंग, चालू करा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर स्पीड बघा. तिथे २१३३ किंवा २४०० दिसत असेल, तर ३२००चे पैसे देऊन तुम्ही ते वापरतच नाही आहात. तिथेच ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’समोर जो आकडा असतो, त्यात ग्राफिक्ससाठी बाजूला काढलेली रॅम दिसते.

५६००ची अडचण उलटी. त्यात ग्राफिक्सच नाही. कार्डाशिवाय सुरू केलात तर पंखे फिरतात, बोर्डवर व्हीजीएचा दिवा असेल तर तो लागून राहतो, स्क्रीन काळीच. कार्ड लावल्यावरही केबल कार्डालाच जोडायची. बोर्डवरचं एचडीएमआयचं तोंड या प्रोसेसरबरोबर निर्जीव असतं. पार्ट खराब आला म्हणून दुकानात भांडायला जाण्याआधी एवढं तपासा.

मिरजेचा माझा भाचा परवा म्हणाला, “मामा, आत्ता जी घेतो. उसाचं बिल निघालं की पप्पा कार्ड देतो म्हणालेत.”

“बिल नक्की निघणार का? आणि निघाल्यावर आधी सोसायटीचं कर्ज जाणार की तुझं कार्ड?”

तो गप्प बसला. मी त्याला जीच घ्यायला सांगितलं. कार्ड कधी येईल याचा भरवसा नसताना ५६०० घेणं म्हणजे बंद डबा सांभाळणं. पण पैसे दोन-तीन महिन्यांत नक्की येणार असतील, तर माझं मत ठाम आहे: थांबा, आणि ५६०० आणि कार्ड एकदमच घ्या. जी घेऊन नंतर कार्ड लावलंत, की ज्या ग्राफिक्ससाठी कॅशवर पाणी सोडलं तेच रिकामं बसतं.

यूपीएसचा हिशोबही यातच आला. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट जाणं नवीन नाही. जीचा नुसता सेट, मॉनिटरसकट, ६०० व्हीएच्या यूपीएसवर निवांत चालतो. आरएक्स ६६०० एकटं १३२ वॅट खातं, तेव्हा १ केव्हीएचा विचार करा. कार्ड पुढे येणार असेल तर एसएमपीएस आत्ताच नावाजलेल्या कंपनीचा, ५५० वॅटचा घ्या. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्यावर कार्ड चालवू नका.

सेकंडहँड घेत असाल तर पैसे देण्याआधी चालू पीसीवर सीपीयू-झेड हे प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडायला सांगा. कोड नेम ‘व्हर्मीर’ आणि एल३ ३२ एमबी दिसलं तर तो ५६००. ‘सेझान’ आणि १६ दिसलं तर जी. किंवा ५५००, म्हणजे त्याच चिपचा ग्राफिक्स बंद केलेला भाऊ, ज्यात ना कॅश, ना ४.०, ना डिस्प्ले. तो ५६००च्या भावात कुणी देत असेल तर घेऊ नका.